कुटुंबासह गावी राहून घरापुरतं पिकवायचं आहे, सुरुवात कशी करू?

आधी पाणी, मग जमीन. विहीर मे महिन्यात जाऊन बघा. श्रावणात सगळ्याच विहिरी भरलेल्या दिसतात. उन्हाळ्यात एक गुंठा भाजीपाल्याला रोज साधारण ५०० लिटर पाणी लागतं. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला सहसा शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, तेव्हा वडिलोपार्जित सातबाऱ्यावर नाव आहे का ते आधी तपासा.

पहिल्या वर्षी दोन गुंठे भाजी आणि पाच-सहा गावरान कोंबड्या, बस्स. गाय नकोच. तिला रोज वीसेक किलो हिरवा चारा आणि दोन वेळा धार, म्हणजे लग्नाकार्यालाही सगळ्यांना एकत्र घर सोडता येत नाही.

कोंबड्यांचा हिशोब नीट समजून घ्या. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी देते आणि खुडूक होते, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायला बसते. वर्षाला साठ-सत्तर अंडी धरा. म्हणजे चौघांना रोज अंडं मिळणार नाही. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. ती मरतात मुख्यतः मानमोडी (राणीखेत) रोगाने. पाचव्या ते सातव्या दिवशी त्यावरच्या लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात घाला. लस बर्फातच आणा आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवा. उन्हात राहिली तर तिचा उपयोग नाही. खुराड्याची जाळी अर्ध्या इंचाची घ्या आणि फूटभर जमिनीत गाडा, मुंगूस खालून उकरून येतं.

आणि घरातल्या प्रत्येकाला रोजचं काम आवडतंय का, हे जमीन घेण्याआधी भाड्याच्या घरात वर्षभर राहून बघा.