दासबोध पहिल्यांदाच वाचताय? दुसऱ्या दशकापासून सुरू करा

वीस दशक (म्हणजे विभाग), दोनशे समास (म्हणजे प्रकरणं) हे आकडे बघून दबकू नका. ओळीने वाचायचा हट्ट मात्र सोडा, त्यातच बरेच जण अडकतात. थेट दुसऱ्या दशकाचा पहिला समास काढा, मूर्खलक्षणांचा. आपली स्तुती आपणच करणारा, वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणारा, उगाच हसणारा... अर्धं ऑफिस भेटेल!

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- ही यादी दुसऱ्यांना लावत सुटणं. या खोडीवरचा उतारा त्याच दशकात आहे: दहावा समास, पढतमूर्खांचा, म्हणजे शिकूनही मूर्ख राहिलेल्यांचा.
- एका बैठकीत पाच समास उरकणं. एकच घ्या, मोठ्याने वाचा.
- अर्थ नसलेली प्रत घेणं.

माया-ब्रह्म तूर्त राहू द्या. यानंतर बाराव्या दशकाचा पहिला समास घ्या, नेटक्या प्रपंचाचा.