आई काही टाकूच देत नाही

‘आमची आई काही टाकूच देत नाही. हा आजार आहे का?’ असं विचारणारी मुलं माझ्याकडे बरीच येतात. प्रश्न आईबद्दलचा असतो, पण आई सोबत नसते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला एक मुलगा मात्र आईला घेऊनच आला, कारण घरातलं बोलणंच थांबलं होतं. दोघांच्या परवानगीने, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून हे लिहिते आहे.

आई निवृत्त शिक्षिका, गावात सगळे त्यांना बाई म्हणतात. मुलगा पर्वरीत फ्लॅटमध्ये राहतो. मोजक्या वस्तूंत जगायचं हे त्याने मनापासून स्वीकारलेलं. चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, घर रंगवायचं म्हणून तो गावी आला आणि बाई बहिणीकडे गेल्या असताना त्याने मागची खोली रिकामी केली. बाटल्या, पत्र्याचे डबे, जुन्या चादरी, सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं. परतल्यावर बाईंनी उरलेल्या सामानाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली.

‘आई, त्यात कामाचं काहीच नव्हतं गं,’ तो माझ्यासमोर म्हणाला.

‘डबे चवथीचे होते,’ बाई म्हणाल्या.

गोव्यातल्या कुणालाही हे वाक्य कळेल. चवथीला नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाडू होतात, लेकीच्या सासरी वजें म्हणजे फराळाची भेट जाते, शेजारीपाजारी डबे जातात आणि त्यातले निम्मे परत येत नाहीत. बाटल्या कोकमाच्या आगळासाठी धुऊन ठेवलेल्या. त्याला अडगळ दिसली, त्यांना पुढच्या वर्षाची तयारी.

आता आजाराबद्दल. होर्डिंग डिसऑर्डर नावाचा विकार खरोखर आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 2013 साली त्याला स्वतंत्र जागा मिळाली. पण वस्तू पुष्कळ असणं एवढ्यावर तो ठरत नाही. वस्तूची खरी किंमत काहीही असो, ती टाकण्याच्या नुसत्या विचाराने जीव कासावीस होतो, आणि घर वापरण्याजोगं राहत नाही: पलंगावर झोपता येत नाही, चुलीपाशी उभं राहता येत नाही. तसं असेल तर घरच्यांनी साफसफाईला हात घालू नये. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवावं, किंवा सुरुवातीला 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोलावं. बाईंच्या घरात यातलं काही नव्हतं. स्वयंपाकघर लख्ख, देवघर लख्ख, पाहुण्यांना बसायला ऐसपैस जागा. त्यांना मी आजारी मानलं नाही आणि हे मुलासमोर स्पष्ट सांगितलं.

मग मी बाईंना पुरुमेंताबद्दल, म्हणजे पावसाळ्याआधी करायच्या साठवणीबद्दल, विचारलं. त्या खुलल्याच. मे महिन्यात भरायचे उकडे तांदूळ, सोलं, चिंच, मिरच्या, कांद्याच्या माळा, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, खारातले आंबे, फणसाचे गरे. पावसात वाटा बंद व्हायच्या, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असायच्या. अजूनही जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंदच असते. साठवण ही त्यांच्या आईची हुशारी होती आणि ती बाईंच्या हाडात होती. अशा माणसाला ‘कशाला ठेवतेस’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

‘आणि बरण्या रित्या कधी व्हायच्या?’ मी विचारलं.

‘चवथीपर्यंत तळ दिसायचा. नाहीतर नवं कुठे भरणार?’

‘मागच्या खोलीतल्या डब्यांचा तळ कधी दिसतो, बाई?’

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हिशेब त्यांनीच मांडला: चवथीला लागतात वीस, खोलीत होते साठाच्या वर. मला एवढंच हवं होतं. किती पुरे हे ठरवणारी व्यक्ती तीच असावी, जिने ते जमवलं.

त्याच वेळी त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, ‘तुझी कॉलेजची खोकी माझ्या माळ्यावर आहेत. ती कधी नेतोस?’ तो गप्प झाला. हे मी फार घरांत पाहते. मुलांचा फ्लॅट सुटसुटीत राहतो, कारण त्यांचं सामान आईच्या माळ्यावर असतं. तेव्हा कामाची सुरुवात त्याच्या खोक्यांपासून झाली. वाळवीने वह्यांचा भुगा केला होता.

पुढचं ठरलं ते साधं होतं. विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. बाई देतील तेवढंच बाहेर जाईल, आणि ते त्याच दिवशी जाईल, व्हरांड्यात पडून राहणार नाही. बाईंनी पाऊस ओसरल्यावर साड्यांची ट्रंक उघडली. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात बंद ट्रंकेतलं कापड टिकत नाही. बुरशीचे डाग होते, जरी काळी पडली होती. जपायचं म्हणून ठेवलेलं खराब होताना पाहून त्यांनी चांगल्या उरलेल्या साड्या भाच्यांना स्वतः नेसवून दिल्या. डब्यांसाठी एक फळी ठरली. ती भरली की नवा डबा येताना जुना जातो.

बाईंच्या यजमानांचं कपाट मात्र तसंच आहे. मुलाला तेही उरकून टाकायचं होतं, मी नको म्हटलं. त्यांना जाऊन फार काळ झालेला नाही, आणि ते कपाट बंद राहिल्याने त्या घरात कुणाचंच काही अडत नाही.