माउंटन स्नोमोबाइलवर २.६ इंचांऐवजी ३ इंची पॅडलचा (बर्फ ढकलणाऱ्या उंचवट्यांचा) ट्रॅक, म्हणजे रबरी पट्टा, बसवायचा, तर वर जागा कशी काढायची?

आधी टनेलखाली (ट्रॅकवरच्या धातूच्या आच्छादनाखाली) डोकावून तिथल्या हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या भागावर, ओरखडे आहेत का बघा. उभ्या गाडीत ट्रॅक मोकळा दिसतो, पण वेगात तो फुगतो आणि तिथेच घासतो.

सोपा उपाय म्हणजे ड्राइव्हशाफ्टवरचे ८ दात्यांचे ड्रायव्हर (ट्रॅक फिरवणारी दातेरी चाकं) काढून ७ दात्यांचे बसवायचे. पिच (ट्रॅकवर दाते पकडतात त्या दोन जागांमधलं अंतर) २.८६ इंच असेल तर ड्रायव्हरची त्रिज्या ३.६४ वरून ३.१९ इंचांवर येते, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर जागा मिळते. पॅडल वाढलंय दहा मिलिमीटर, म्हणजे हिशेब जेमतेमच जमतो! आधीच घासत असेल तर एवढ्याने भागणार नाही.

शिवाय गिअरिंग साडेबारा टक्क्यांनी खाली येतं. खोल भुसभुशीत बर्फात चढायला ते बरंच, पण मूळ गिअरिंग हवं असेल तर चेनकेसमध्ये (ड्राइव्हशाफ्टला साखळीने ताकद देणाऱ्या पेटीत) २१/४९ दात्यांच्या (वरचं/खालचं चाक) जागी २४/४९ लावा. साखळीही लांब लागेल. स्पीडोमीटर शाफ्टवरून वेग घेत असेल तर तो खऱ्यापेक्षा चौदा टक्के जास्त दाखवेल. (मित्रांना फोटो पाठवायला उत्तम.)

छोट्या ड्रायव्हरवर ट्रॅक जास्त वाकतो, त्यात थोडी ताकद जाते. दातेही कमी पकडतात, म्हणून ट्रॅक उडी मारू नये असे अँटी-रॅचेट ड्रायव्हरच घ्या, आणि बसवल्यावर ताण नव्याने लावा.

खर्चाची तयारी असेल तर शाफ्टच खाली आणि पुढे सरकवणारा चेनकेस किट घ्या. मी तरी ३ इंचांसाठी तोच घेईन.