वैमानिक व्हायचंय, पण डाव्या डोळ्याला नंबर निघालाय

प्रिय मुली,

नाव छापू नका असं लिहिलंस, म्हणून छापत नाही. तुझ्यासारखाच प्रश्न घेऊन बसलेल्या इतरांना कळावं म्हणून तुझं पत्र आधी थोडक्यात सांगते. तू बारावी विज्ञानला आहेस, एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करते आहेस आणि हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचशिवाय दुसरं काही मनात नाही. कॉलेजातल्या तपासणीत डाव्या डोळ्याला उणे अर्धा नंबर निघाला. क्लासमधले सर म्हणाले, ‘आत्ताच लेझर करून टाक, मेडिकलला कुणाला कळणार नाही.’ उंची १६४ सेंटीमीटर आहे, ती पुरेल का, हेही विचारलंस. आणि पत्राच्या अगदी शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस की पाचवीत असताना शाळेच्या प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडलीस, काही क्षण शुद्ध नव्हती, आणि ते फॉर्मवर लिहायचं नाही असं बाबांचं म्हणणं आहे.

घाईचं उत्तर आधी देते. लेझर करू नकोस. निदान आता तरी नाहीच.

हवाई दल लेझर झालेला डोळा सरसकट नाकारत नाही, पण त्याच्या अटी आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी वय किमान २० वर्षं पूर्ण हवं. त्यानंतर किमान १२ महिने डोळा कुठल्याही त्रासाशिवाय गेलेला हवा. मूळ नंबर ६ च्या पुढे नसावा, शस्त्रक्रियेनंतर कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी, आणि वैमानिक व्हायचं तर नंबर अजिबात उरलेला नसावा. तू १७ वर्षांची आहेस. आज लेझर केलंस तर वयाच्या पहिल्याच अटीत अडकशील, आणि ती चूक पुढे कितीही वाट पाहिलीस तरी दुरुस्त होणार नाही, कारण शस्त्रक्रियेची तारीख बदलता येत नाही. एनडीएला तर प्रशिक्षण सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावं लागतं, म्हणजे त्या वाटेने जाणाऱ्यासाठी लेझर हा पर्यायच नाही. राहिलं ‘कळणार नाही’ हे. कॉर्नियाचा आकार मोजणारं यंत्र असतं, तिची जाडीही मोजतात. लेझरने कॉर्निया मधोमध सपाट आणि पातळ झालेली असते, ती डॉक्टरांपासून लपत नाही. सरांनी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं असेल, पण हा सल्ला चुकीचा आहे.

मग करायचं काय? आधी तो उणे अर्धा खरा आहे का ते बघ. तुझ्या वयात दिवसातले आठ-दहा तास पुस्तक आणि मोबाइल डोळ्यांसमोर असला, तर जवळचं पाहण्यासाठी आवळले जाणारे डोळ्यातले स्नायू सैल व्हायला तयार नसतात. अशा वेळी घाईगर्दीच्या शिबिरात, नुसत्या मशीनवर तपासलेल्या डोळ्याला थोडासा उणे नंबर निघू शकतो, प्रत्यक्षात तो नसतो किंवा कमी असतो. नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि थेंब घालून नंबर काढायला सांग. त्या थेंबांनी हे स्नायू तात्पुरते सैल होतात आणि डोळ्याचा खरा नंबर समोर येतो. काही तास, कधी दिवसभर, जवळचं अंधुक दिसेल. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र हे करू नकोस.

फ्लाइंग ब्रँचला नजर एका डोळ्याने ६/६, म्हणजे लांबचं पूर्ण स्पष्ट, आणि दुसऱ्याने निदान ६/९, म्हणजे त्याहून थोडी कमी, लागते, आणि ती ६/९ भिंगाने ६/६ पर्यंत यायला हवी. त्यातही हे भिंग फक्त अधिक (प्लस) नंबरचं चालतं. थोडा प्लस नंबर तरुण डोळा स्वतःच्या ताकदीने भरून काढतो. उणे नंबर थेट लांबचंच अंधुक करतो आणि वाढत्या वयात वाढत जाण्याचा त्याचा स्वभाव असतो, म्हणून तो वैमानिकाला चालत नाही. डोळ्यांच्या व्यायामाने, कसल्याशा थेंबांनी किंवा काढ्याने नंबर ‘घालवून देतो’ म्हणणाऱ्यांच्या मागे लागू नकोस. रंगांची परीक्षा याच भेटीत करून घे. ठिपक्यांमधला आकडा ओळखायचा, पाच मिनिटांचं काम. मुलींमध्ये रंगांधत्व फार विरळ असतं. पण हे वाचणाऱ्या मुलांनी ही तपासणी टाळू नये. ते जन्मतः असतं, त्यावर उपाय नाही, आणि दोन-तीन वर्षं तयारीत घालवून मग कळण्यापेक्षा पहिल्या महिन्यात कळलेलं बरं.

थेंब घालूनही उणे अर्धा तसाच राहिला, तर एनडीएतून फ्लाइंगचा विचार बाजूला ठेवावा लागेल. वाईट वाटेल, ते मी नाकारत नाही. पण वैमानिक होण्याची एनडीए ही एकच वाट नाही. पदवीनंतर एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेशपरीक्षेतून फ्लाइंग ब्रँचला वयोमर्यादा २० ते २४ वर्षं आहे. विसाव्या वर्षानंतर, नंबर स्थिर झालेला असताना लेझर, मग १२ महिने, मग मेडिकल, हे सगळं त्या वर्षांत बसतं. तेव्हाही लेझर नंबर पूर्ण घालवेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही, हे धरून चाल. त्यासाठी पदवीला ६० टक्के आणि बारावीला गणित व भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के लागतात. म्हणून डोळ्याच्या काळजीत या वर्षीचा अभ्यास सोडू नकोस.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवते, मुलांना ती फार उशिरा कळते. एसएसबीमध्ये, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या निवड मंडळासमोर, फ्लाइंगसाठी सीपीएसएस ही संगणकावरची चाचणी होते, आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालीस, तर पुढे एएफकॅटमधूनही फ्लाइंगचं दार उघडत नाही. तेव्हा ‘बघू तरी कसं असतं’ म्हणून ती देऊ नकोस.

आता ती बारीक अक्षरातली ओळ. इथे मी तुझ्या बाबांशीही बोलते आहे, त्यांना हे वाचायला दे.

बाबा, मुलीचं स्वप्न एका जुन्या चक्करीपायी जाऊ नये असं तुम्हाला वाटतं, ते मला पूर्ण समजतं. पण हा प्रश्न फॉर्मवर का असतो ते बघा. लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा वैमानिकाला स्वतःचं वजन नऊपटीपर्यंत जाणवू शकतं. रक्त पायांकडे ओढलं जातं, मेंदूला कमी पडतं, आधी कडेचं दिसेनासं होतं, मग सगळंच काळं होतं आणि शुद्ध हरपते. धडधाकट, प्रशिक्षित माणसाचंही असं होऊ शकतं. म्हणून त्यांना पोटाचे, पायांचे स्नायू आवळून श्वास कसा धरायचा हे शिकवतात, अंगात घालायला खास पोशाख देतात, बंगळूरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये मोठ्या फिरत्या यंत्रात बसवून त्याचा सराव घेतात. ज्याची शुद्ध जमिनीवरच सहज जाते त्याला अशा जागी बसवायचं का, हे डॉक्टरांना आधी कळायला हवं. कॉकपिटमध्ये तुमची मुलगी एकटी असेल. त्या क्षणी फॉर्मवरचा ‘नाही’ तिला वाचवणार नाही.

फॉर्मवर तिची स्वतःची सही असते. माहिती लपवल्याचं पुढे उघड झालं, तर प्रशिक्षणाच्या मधूनही काढलं जाऊ शकतं. आणि घाबरता आहात तेवढं ते भयंकर असेलच असं नाही. उपाशीपोटी, बराच वेळ ताटकळत उभं राहिल्यावर मुलं भोवळ येऊन पडतात, आणि आडवं केलं की मिनिटभरात सावरतात. आकडी येणं वेगळं, त्यात हातपाय झटके देतात, जीभ चावली जाते, नंतर बराच वेळ गुंगी राहते. यातलं तिच्या बाबतीत नेमकं काय घडलं होतं, हे तेव्हाच्या शिक्षकांना, आईला विचारून तारखेसह लिहून काढा. तेव्हाचा डॉक्टरांचा कागद असेल तर शोधा. मग फिजिशियन किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना भेटून त्यांचं मत लेखी घ्या. फ्लाइंगच्या उमेदवारांचा मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढला जातो. घरात कुणाला आकडीचा आजार असेल तर तेही विचारतात. निर्णय मेडिकल बोर्डाचा असेल आणि तो काय येईल हे मी आज सांगू शकत नाही. पण मुलीने खरं बोलून, कागद हातात घेऊन आत जावं, हे तिला शिकवण्याची हीच वेळ आहे.

आता तुझ्या उंचीबद्दल. फ्लाइंगला साधारण १६३ सेंटीमीटर लागतात, तेव्हा १६४ पुरतात. पण नुसत्या उंचीवर भागत नाही. पायाची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटर, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४, आणि बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ यांच्यात हवी. पाय आखूड असले तर रडर पेडलवर, म्हणजे विमान डावी-उजवीकडे वळवायच्या पायातल्या पट्ट्यांवर, पूर्ण जोर देता येत नाही. मांडी लांब असली तर इजेक्शनच्या वेळी, म्हणजे आसनासकट बाहेर फेकलं जाताना, गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटतात. बसल्यावर डोकं फार वर गेलं तर कॅनोपीला, म्हणजे वरच्या काचेच्या झाकणाला, लागतं, फार खाली राहिलं तर बाहेरचं नीट दिसत नाही. १६४ उंचीच्या दोन मुलींमध्ये एकीचे पाय पुरतात, दुसरीचे पुरत नाहीत, असं घडतं. घरी भिंतीला पाठ टेकून, जमिनीवर पाय लांब करून बसायचं आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजायचं. तंतोतंत तेच माप नसलं तरी अंदाज येतो.

इजेक्शनचा विषय निघाला म्हणून पाठीच्या कण्याबद्दलही सांगते. त्या क्षणी कण्यावर शरीराच्या वजनाच्या १२ ते १५ पट, कधी त्याहून जास्त दाब येतो. म्हणून फ्लाइंगच्या मुलामुलींचे मानेपासून कमरेपर्यंत एक्स-रे काढतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या कमरेचा शेवटचा मणका एका बाजूने माकडहाडाच्या वरच्या हाडाला अर्धवट जोडलेला निघाला. त्याला कधीच दुखलं नव्हतं. रोजच्या आयुष्यात त्याने काही बिघडलंही नसतं, पण फ्लाइंगसाठी तो अनफिट ठरला. तो आणि त्याचे आईवडील माझ्यासमोर बसले होते, आणि त्या दिवशी मला त्यांना सांगावं लागलं की यात कुणाचीच चूक नाही. हे वाचून तू लगेच एक्स-रे काढायला धावू नकोस. पाठ दुखत असेल, एक खांदा वर दिसत असेल, वाकल्यावर पाठीचा एक भाग उंच दिसत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव आणि गरज आहे का ते त्यांना ठरवू दे.

बाकीच्या गोष्टी बहुतेक वेळेवर लक्ष दिलं तर सुटणाऱ्या आहेत. कानात मळ साठलेला असला, तर पडदा दिसत नाही आणि उमेदवार तेवढ्यापुरता थांबवला जातो. महिनाभर आधी कान-नाक-घसातज्ज्ञांकडून साफ करून घे, स्वतः काडी घालू नकोस. नाक बंद करून कानांत हवा दाबता येते का हेही ते बघतील, कारण विमान खाली येताना कानातला दाब सारखा झाला नाही तर पडद्याला इजा होते. दातांना गुण असतात, किमान १४ लागतात, तेव्हा किडलेले दात आधीच भरून घे. वजन हळूहळू ठिकाणावर आण. शेवटच्या आठवड्यात उपाशी राहून कमी केलेलं वजन रक्ताच्या आणि लघवीच्या तपासणीत त्रास देतं. हिमोग्लोबिन मात्र आत्ताच बघ, मुलींमध्ये ते नकळत कमी असतं आणि वाढायला काही महिने लागतात.

मेडिकलमध्ये काही निघालंच, तर कागदावरचा शब्द नीट वाच. ‘टेम्पररी अनफिट’ म्हणजे दिलेल्या मुदतीत ते दुरुस्त करून पुन्हा दाखवायचं. ‘पर्मनंट अनफिट’ म्हटलं तरी अपील मेडिकल बोर्डाकडे जाता येतं; त्यापुढचा रिव्ह्यू मेडिकल बोर्ड मात्र हक्काचा नसतो, तो मंजूर व्हावा लागतो. ही मुदत महिन्यांत नाही, आठवड्यांत मोजायची असते. म्हणून रडायचं असेल तर त्या संध्याकाळी रड, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विषयाच्या तज्ज्ञांची वेळ घे. आणखी एक, ‘फ्लाइंगसाठी अनफिट’ याचा अर्थ सैन्यदलासाठी अनफिट असा होत नाही. हवाई दलातल्या ग्राउंड ड्यूटीला, म्हणजे जमिनीवरच्या कामांना, आणि भूदलाला नजरेचे निकष सैल आहेत, चष्मा चालतो. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, त्या १७ जणी होत्या, आणि त्या सगळ्या काही वैमानिक होण्यासाठी गेल्या नव्हत्या. उडायचंच असेल, तर नागरी विमानांच्या वैमानिकांना डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या मेडिकलमध्ये चष्मा चालतो. तो खर्चाचा रस्ता आहे, त्यावर वेगळं बोलू.

निकषांचे आकडे अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरशील त्या वर्षीची अधिसूचना उघडून वैद्यकीय परिशिष्ट शेवटपर्यंत वाच. क्लासच्या नोट्सवर विसंबू नकोस.

पुढच्या पंधरा दिवसांत दोन कामं कर. थेंब घालून डोळ्यांचा नंबर काढून घे, आणि पाचवीतल्या त्या सकाळी काय झालं होतं ते आईला विचारून लिहून काढ. दोन्ही कागद मला पाठव. एनडीएच्या अर्जात भूदल, नौदल, फ्लाइंग, ग्राउंड ड्यूटी यांचा पसंतीक्रम कसा लावायचा आणि सीपीएसएस या वेळी द्यायची की पदवीनंतर, हे ते पाहून ठरवू.

तुझी,
मार्गदर्शक ताई