एके-४७ ही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन एसटीजी-४४ रायफलची नक्कल आहे का?

नाही, नक्कल नाही. पण मधल्या ताकदीच्या (पिस्तुलाच्या आणि नेहमीच्या रायफलच्या मधल्या) काडतुसाची कल्पना रशियनांनी बऱ्याच अंशी जर्मनांकडूनच उचलली. जर्मन सैन्याच्या नेहमीच्या ७.९२ मिमी काडतुसाची पुंगळी ५७ मिमी लांब होती. चकमकी बहुतेक तीन-चारशे मीटरच्या आतच व्हायच्या, आणि एवढ्या ताकदीच्या गोळ्या सलग झाडल्या तर रायफल खांद्याला आवरत नसे. म्हणून त्यांनी पुंगळी ३३ मिमीवर आणली: दारू कमी, धक्का कमी, आणि तेवढ्याच वजनात शिपायाकडे जास्त गोळ्या. खरा शोध हाच, रायफल त्यामागून आली. १९४३ मध्ये हाती लागलेला जर्मन नमुना पाहून सोव्हिएत तंत्रज्ञांनी स्वतःचे काडतूस आखले. तेच पुढे ७.६२×३९ झाले. यंत्रणा मात्र वेगळी. दोन्ही रायफली उघडून शेजारी ठेवल्या की लगेच दिसते: जर्मन बोल्ट (गोळी झाडताना नळीचे मागचे तोंड बंद ठेवणारा भाग) मागच्या बाजूने खाली कलून अडकतो, कलाश्निकोव्हचा, म्हणजे एके-४७ चा, स्वतःभोवती फिरून. वाकडे मॅगझिन आणि नळीच्या वरचा गॅस-पिस्टन (दारूच्या वायूने मागे ढकलला जाणारा दांडा) सारखा दिसतो, त्यातून हा गैरसमज पसरतो. एक मात्र खरे, एसटीजी-४४ चा जर्मन रचनाकार ह्यूगो श्मायसरला युद्धानंतर रशियातल्या इझेव्स्क शहरात नेले होते. पण एके-४७ चे सुरुवातीचे नमुने तिथे नाही, कोव्रोव या दुसऱ्या शहरात तयार झाले.