गोदेला जायचं असेल तर

प्रिय मुली,

सोमालियातल्या बेलेदवेनला जाऊ नकोस. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तू मोकळ्या मनाने वाचशील. शबेले नदीने मधोमध चिरलेलं ते गाव तुला व्हिडिओत फार आवडलं, हे मी समजू शकते. पण त्या भागातल्या रस्त्यांवर अल-शबाब या सशस्त्र संघटनेची दहशत आहे. बहुतेक देश आपल्या नागरिकांना सोमालियात पाऊल ठेवू नका म्हणून सांगतात. आपला तर तिथला कारभारही नैरोबीतल्या उच्चायुक्तालयातून चालतो, म्हणजे काही झालं तर धावून येणारं जवळ कुणी नाही. तुला ज्यांचे व्हिडिओ आवडतात ते लोक भाड्याचे बंदूकधारी घेऊन फिरतात. अशा गराड्यात गेलीस तर माणसं आधी बंदुका मोजतील आणि मग तुझ्याकडे बघतील. बोलणार तर कुणीच नाही.

आणि मुद्दा फक्त तुझ्या जिवाचा असता तर मी इतकं ताणून धरलं नसतं. तू वयाने मोठी आहेस. पण त्या मुलखात पाहुण्याला इजा झाली तर त्याचा हिशेब ज्याने पाहुणा आणला त्याच्याशी होतो. तू विमानाने परत येशील, तो तिथेच राहणार आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की नदी तीच धर, फक्त वरच्या अंगाला जा. शबेले उगम पावते इथिओपियाच्या बाले डोंगराळ भागात. तिथून ती हजारेक किलोमीटर इथिओपियातच वाहते, मग सोमालियात शिरते, मोगादिशूच्या जवळ येऊनही समुद्राला मिळत नाही, किनाऱ्याला समांतर नैऋत्येकडे वळते आणि एरवीच्या वर्षांत दलदलीतच जिरून जाते. सरहद्दीच्या अलीकडचा, म्हणजे इथिओपियातला, मुलूखही सोमाली माणसांचाच आहे. भाषा, कुळं, उंट, चहा, सगळं तेच. तिथे नदीकाठी गोदे हे गाव आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला काही काळ ते इथिओपियाच्या सोमाली प्रांताची राजधानीही होतं, नंतर तो मान जिजिगाला गेला. मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे आणि तिथून गोदेला देशांतर्गत विमान जातं. हाही प्रांत अगदी निर्धोक आहे असं समजू नकोस, विशेषतः सरहद्दीकडचा भाग. तिकीट काढण्याआधी अदिसच्या भारतीय दूतावासाला लिही आणि ते नको म्हणाले तर निमूटपणे बेत पुढे ढकल.

आता मुख्य गोष्ट. जुन्या काळी सोमाली मुलखात शिरणाऱ्या परक्या व्यापाऱ्याला किंवा प्रवाशाला 'अबान' धरावा लागे. अबान म्हणजे त्या वाटेवरच्या कुळातला एक वजनदार माणूस. तो पाहुण्याची हमी घेई, वाटाघाटी करी, उंट आणि माणसं मिळवून देई आणि त्याबद्दल मोबदलाही घेई. पाहुण्यावर हात टाकणं म्हणजे अबानच्या अब्रूवर हात टाकणं. 1854 मध्ये झैला बंदरातून हरार शहराकडे निघालेल्या रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाचंही अबानवाचून चाललं नव्हतं. आज हा शब्द तुझ्या कानावर पडेल न पडेल, पण व्यवहार संपलेला नाही. गोदेत उतरल्यावर तासाभरात गावाला माहीत झालेलं असेल की तू कुणाची पाहुणी आहेस. या प्रश्नाला उत्तर असेल तर तुझे सगळे दिवस सोपे जातील, आणि नसेल तर पोलिसांपासून हॉटेलवाल्यापर्यंत प्रत्येकजण तुझ्याकडे संशयाने बघेल. त्यांचंही बरोबरच आहे. 1977-78 मध्ये इथे इथिओपिया आणि सोमालियाचं युद्ध झालं आणि त्यानंतर बंडखोरी आणि लष्करी कारवाया कितीतरी वर्षं चालल्या. ओगादेनच्या, म्हणजे याच मुलखातल्या, बंडखोर संघटनेशी सरकारचा समझोता झाला तो 2018 मध्ये. इतकं सोसलेल्या गावात एकटी परकी मुलगी कॅमेरा घेऊन का फिरतेय, हा प्रश्न कुणालाही पडेल.

मग यजमान शोधायचा कुठे? तू पुण्यात आहेस हे तुझं नशीब. तिथल्या कॉलेजांत सोमाली विद्यार्थी आहेत. हैदराबादेतही आहेत. इंटरनेटवर गाइड शोधण्याआधी त्यांच्यात मिसळ. काही महिने घालव. कुणाची मावशी जिजिगाला असते, कुणाचा चुलतभाऊ गोदेच्या बाजारात दुकान चालवतो. अशी एक ओळख निघाली की बाकीचं तेच लोक जमवतात. मात्र एक लक्षात ठेव. जो तुझी ओळख करून देईल, त्याचं कुळ आपोआप तुला चिकटणार आहे. त्यामुळे निम्म्या वाटेत यजमान बदलू नकोस. दुसऱ्याने अधिक चांगली खोली देऊ केली, तरीही नको. आणि कुणालाही स्वतःहून कूळ विचारू नकोस. ते आपापसांत विचारतात, त्यांना तो हक्क आहे. आपण विचारलं की त्याला वेगळा वास येतो.

पैशाचं आधी ठरव. गाडी, चालक, दुभाषी यांचे दर स्पष्ट बोलून घे, तिथे भिडस्तपणा नको. पाहुणचाराचे पैसे मात्र हातावर ठेवू नकोस, त्यांना ते लागेल. घरात साखर, चहापत्ती, खजूर घेऊन जा, आणि भरपूर घेऊन जा. सोमाली चहात साखर किती असते ते पहिल्या घोटातच कळेल. वेलची, दालचिनी, लवंग, आलं आणि दूध, सगळं आपल्या ओळखीचं. सकाळी अंजेरो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचं मऊ धिरडं, वर तूप आणि साखर. सबायद तर तव्यावरची, पदर सुटणारी, थेट आपली घडीची पोळी. भातात मसाला असतो आणि शेजारी एक केळं ठेवलेलं असतं. ते नंतर खायचं नाही, भाताबरोबरच खायचं. तू मांस खात नाहीस हे यजमानाला पुण्याहूनच कळव. ऐनवेळी सांगितलंस तर तुझ्यासाठी कापलेल्या बकऱ्याचं काय करायचं हा प्रश्न उभा राहील. आणि तसं झालंच, तर भात घे, रस्सा बाजूला ठेव आणि चेहरा प्रसन्न ठेव.

उंटिणीचं दूध मिळेल. दुधाची भांडी तिथे धुरी देऊन ठेवतात, म्हणून त्या दुधाला धुराचा वास येतो. पहिल्या दिवशी अर्धा पेला पुरे, पोटाला सवय नसते. पण दूध विकणाऱ्या बायकांजवळ जरूर बस, पेला न घेताही. पाऊस कुठे पडला, कळप कुठे सरकले, दर का चढला, हे त्यांना आधी कळतं, कारण दूध त्याच वाटेने येतं. मुलगी असण्याचा तिथे एक फायदा आहे, जो तुझ्या आईला भीतीपोटी दिसणार नाही. पुरुष प्रवासी घराच्या बाहेरच्या खोलीत बसून पुरुषांचं राजकारण ऐकून परत येतो. तुला परदेशी म्हणून त्या खोलीतही जागा मिळेल आणि बाई म्हणून स्वयंपाकघरातही. माझा कल विचारशील तर स्वयंपाकघर. दुपारी पुरुषमंडळी 'खात' नावाचा झिंग आणणारा पाला चघळायला बसतात. तिथे बसायचं काही कारण नाही, आणि तो पाला आठवण म्हणून बॅगेत टाकून आणायचा विचार तर स्वप्नातही नको. आपल्याकडे तो अमली पदार्थात धरतात.

कपड्यांचं फार बोलत नाही. घोळदार, लांब, डोक्यावरून ओढणी. तिथल्याच बाजारात सुती गर्बसार, म्हणजे डोक्या-खांद्यावरून घ्यायची ओढणी, घे, उन्हात तुझ्या सगळ्या महागड्या टोप्यांपेक्षा ती बरी. गोदे सखल आहे, तापतं. पुरुषाने हात पुढे केला नाही तर तू करू नकोस, छातीवर हात ठेवला की झालं. नमस्कार-चमत्कार लांबतात: शांती आहे ना, घरचे बरे ना, जनावरं बरी ना, पाऊस आहे का. हे सोपस्कार समजून घाईने उरकू नकोस. भटक्या माणसाला पाणी आणि चारा कुठे आहे हे असंच कळत आलंय, बातमी देणं हे त्यांच्याकडे जवळजवळ कर्तव्य आहे. तुझ्याकडेही बातमी मागतील. सोमालीत डब केलेले हिंदी सिनेमे तिकडे आवडीने बघतात, तेव्हा नटनट्यांची खबरबात घेऊन जा. कोणाचं लग्न कोणाशी झालं याचं उत्तर तुला देता आलं नाही तर तुझी पत जाईल, हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय.

आता कॅमेरा. ड्रोन घरी ठेव. परवानगीशिवाय इथिओपियात नेलास तर विमानतळावरच काढून घेतील. पूल, विमानतळ, सैनिक, सरकारी इमारती यांचे फोटो नाहीत. गोदेतला नदीवरचा पूल दिसायला कितीही मोहक असो, नाही म्हणजे नाही. माणसांच्या बाबतीत मात्र नियमापेक्षा त्यांची आठवण मोठी आहे. 2000 साली दुष्काळात उपाशी माणसं मैलोगणती चालत गोदेत आली. मदत यायला उशीर झाला, आणि अन्नवाटपाच्या ठिकाणी गर्दीत गोवर पसरला. लेकरं भुकेने खंगलेली होतीच, त्यात गोवराने गेली. माझ्यासारख्या आरोग्याच्या क्षेत्रात काम केलेल्या माणसाला त्या दुष्काळाने एक गोष्ट शिकवली, की धान्याच्या पोत्याआधी लस पोहोचायला हवी. पण जगाच्या टीव्हीवर गेल्या त्या फक्त हडकुळ्या मुलांच्या तसबिरी. आज पंचवीस-तीस वर्षांची असलेली गोदेतली माणसं ती मुलं आहेत. 2020 च्या अखेरीपासून ओळीने पाच पावसाळे फसले, तेव्हाही कॅमेरे आले ते मेलेल्या जनावरांसाठीच. त्यामुळे एखादी बाई तुझ्या कॅमेऱ्याकडे बघून तोंड फिरवेल तेव्हा ती लाजत असेलच असं नाही.

नदीवर जा, पण पाण्यात उतरू नकोस. मगरी आहेत. आणि मगर दिसली नाही तरी त्या खोऱ्यात लघवीतून रक्त जाणारा जंताचा आजार आहे, तो साचलेल्या, संथ पाण्यात पाय बुडवून होतो. काठावर थांब. पहाटे गाढवगाड्यांवर पिवळे कॅन भरून पाणी गावात जातं, ते बघ. पंपांचा आवाज आला की त्या दिशेने चाल, तिथे कांदा, मका, तीळ दिसेल. आणखी एक गंमत बघ. नदीला पूर यायला गोदेत पाऊस पडावाच लागतो असं नाही. पावसाळे दोन, एप्रिलच्या सुमाराचा 'गू' आणि ऑक्टोबरच्या सुमाराचा 'देयर'. पण वर डोंगरात जुलै-ऑगस्टला कोसळतो तेव्हा इथे आभाळ कोरडं ठणठणीत आणि पाणी मात्र चढलेलं. खाली बेलेदवेनची दैनाही अशीच होते. मे 2023 च्या पुराने तिथे दोन लाखांवर माणसं घराबाहेर पडली, त्या पाण्यातलं बरंचसं इथिओपियाच्या डोंगरातून उतरलेलं होतं. तू डिसेंबर-जानेवारीत जा. नदी उतरलेली असते, रस्ते चालू असतात आणि ऊन त्यातल्या त्यात सोसवतं.

शेतात फावडं कुणाच्या हातात आहे हेही बघ. बाहेरून येणारा माणूस सोमाली म्हणजे उंटवाला असं ठरवूनच येतो. नदीकाठी तसं नाही. गोदेपासून खाली केलाफो, मुस्ताहिलकडे रेर बारे नावाचे शेतकरी लोक आहेत. पिढ्यान्‌पिढ्या याच गाळावर पिकवत आलेत आणि उंटवाल्या कुळांनी त्यांना कायम कमी लेखलं आहे. सोयरीक होत नाही, नेमणुकांत मागे राहतात. तुझा यजमान बहुधा उंटवाल्यांपैकीच असेल आणि तो याविषयी बोलणार नाही, किंवा हसून उडवेल. त्याच्याशी वाद घालू नकोस, तू तिथे न्याय करायला गेलेली नाहीस. पण लिहिताना त्यांना गाळू नकोस. आपल्या गावात मळईची जमीन कुणाकडे आणि राबणारे हात कुणाचे, हे तुला ठाऊक आहे, तेवढी नजर तिकडेही ने.

घड्याळाचं राहिलंच. तिथे दिवस सूर्योदयापासून मोजतात. चालक 'दोन वाजता निघू' म्हणाला तर ते आपले सकाळचे आठ. प्रत्येक वेळी 'उजाडल्यावर की दुपारी' असं विचारून खात्री कर, नाहीतर गाडी गेलेली असेल.

आणि पिवळ्या तापाची लस आधी घे. दाखला दहा दिवसांनी लागू होतो. तो नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून सुरू कर, मच्छरदाणी स्वतःची ने. कॉलऱ्याच्या साथी येत-जात असतात, तेव्हा पाणी उकळलेलं किंवा बाटलीबंद. चहावर राहिलीस तरी चालेल, बाकी सगळे तेच करतात.

यजमानाचं ठरलं की त्याचं नाव, गाव आणि तो तुला कुणामार्फत मिळाला हे सविस्तर कळव. तुझ्या आईशी मी त्यानंतरच बोलेन, तोवर तूही तिच्यापाशी विषय काढू नकोस.

तुझी,
मावशी