वाचकांचे प्रश्न : दत्तक घरांतली तिसरी भेट

प्रश्न : मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुटुंब दत्तक कार्यक्रमात (विद्यार्थ्याने ठरलेल्या घरांना पुन्हा पुन्हा भेट देऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचं) गावातली पाच घरं माझ्याकडे आहेत. सुरुवातीला चहा मिळायचा, आता ‘परत काय लिहायचंय?’ असं विचारतात. शिवाय एका आजींचा वरचा बीपी कधी १५८, कधी १३४ येतो.

उत्तर : त्यांचं विचारणं रास्त आहे. माहिती तुम्ही घेऊन जाता, त्यांच्या हाती काहीच राहत नाही. मोजलेलं सगळं तारखेसह कार्डावर लिहा, कार्ड त्यांच्याच घरी ठेवा आणि पुढच्या भेटीत बोलणं तिथून सुरू करा. पहिल्या वर्षी २७, दुसऱ्या ३० आणि तिसऱ्या २१ तास त्याच घरांसाठी दिलेत, ते दर वेळी नवा फॉर्म भरायला नव्हे. आशाताईंना आदल्या दिवशी फोन करा. कापूस वेचणीच्या दिवसांत अकरा वाजता घरी म्हातारी माणसंच सापडतात.

आता आजी. जमिनीवर बसवून हात मांडीवर ठेवला की कफ (बीपी मोजायला दंडाला गुंडाळायचा पट्टा) हृदयाच्या खाली जातो आणि आकडा फुगतो. पाठ भिंतीला टेकवा, हाताखाली उशी किंवा डबा द्या, कफ छातीच्या मध्याशी आणा. घट्ट बाही वर सरकवून दंडाला काचत असेल तर तो हात बाहीतून बाहेर काढायला सांगा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको (मिश्रीचं मुद्दाम विचारा, आपणहून कोणी सांगत नाही). पाच मिनिटं शांत बसू द्या, मोजताना गप्पा बंद. मिनिटभराने पुन्हा मोजून सरासरी लिहा. एकदा १४०/९० च्या वर गेला म्हणून ‘तुम्हाला बीपी आहे’ असं सांगून टाकू नका, दुसऱ्या दिवशी परत मोजा. १८०/११० किंवा जास्त असेल तर मात्र शिक्षकांना कळवून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. चिठ्ठीवर कुठे, कधी, कोणाला भेटायचं ते लिहा. नुसतं ‘दवाखान्यात दाखवा’ म्हटल्याने कोणी जात नाही.

प्रश्न : नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. एक गरोदर ताई लोहाच्या गोळ्या घेते म्हणतात, पण हिमोग्लोबिन वाढत नाही.

उत्तर : ‘घेता का?’ विचारलं की ‘हो’च येतं. पाकीट मागा, उरलेल्या गोळ्या मोजा. बहुतेकदा मळमळ किंवा काळी शी पाहून गोळी सुटते. शी काळी होणारच, त्याने अपाय नाही. गोळी रात्री जेवणानंतर, चहा तासभर लांब, कॅल्शियम वेगळ्या वेळी. हिमोग्लोबिन तपासताना टोचलेलं बोट पिळू नका, पेशींच्या अवतीभवतीचं पाणी रक्तात मिसळून आकडा खोटाच कमी येतो. गोळ्या खरोखर पोटात जाऊनही महिन्यात १ ग्रॅम वाढ नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा. विदर्भात असाल तर सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली आहे का, तेही विचारा.